हातातली ढील

"फार ओढतो हो, कोणती कॉलर घेऊ?"

कुत्री पाळणाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहिलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या मनगटाला लीशचे दोन वेढे करकचून बसलेले असतात, कोपर ताठ, खांदा पुढे खेचलेला. दुसऱ्या टोकाला एक उत्साही जनावर, जीभ बाहेर, घशातून घरघर. प्रश्न कॉलरचा असतो, माझी नजर मात्र आधी त्या मनगटाकडे जाते. कुत्र्यांना शिकवणं आणि शोच्या, म्हणजे त्यांच्या सौंदर्यस्पर्धेच्या, रिंगमध्ये उतरवणं यात बरीच वर्षं गेल्यावर माझं एक मत झालंय, आणि ते दिवसेंदिवस घट्टच होत चाललंय. लोक कॉलर कुत्र्याच्या स्वभावाकडे बघून निवडतात. ती निवडावी आपल्या हाताकडे बघून. त्यातही हाताचा सगळ्यात वाईट क्षण डोळ्यांपुढे ठेवून. फोन वाजला, पाय घसरला, समोरून मांजर पळालं, आपण दचकलो आणि लीशला हिसका बसला. असे हिसके सगळ्यांच्याच हातून बसतात. त्या हिसक्याची किती किंमत कुत्र्याच्या मानेने मोजायची, हे आदल्या दिवशी दुकानात ठरून गेलेलं असतं.

केसांमुळे कुत्र्याची मान भरभक्कम दिसते. रॉटवायलर, मॅस्टिफ यांची तर झाडाच्या बुंध्यासारखी. पण आत जे आहे ते आपल्यासारखंच नाजूक आहे: श्वासनलिका, अन्ननलिका, डोक्याकडून रक्त परत आणणाऱ्या शिरा, थायरॉइड ग्रंथी, आणि मज्जारज्जूला पोटात घेऊन बसलेले सात मणके. पोमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा छोट्या जातींमध्ये श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मुळातच कमकुवत असू शकतात. मग कॉलरचा ताण आला की कोरडा, कर्कश खोकला सुरू होतो आणि घरचे म्हणतात, "काहीतरी अडकलंय वाटतं." नाकाने चपटी, डोळ्यांनी बटबटीत अशी कुत्री आणखी वेगळ्या अडचणीत असतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना कॉलर आणि हार्नेस (छाती-पाठीवरून जाणारे पट्टे) अशा दोन्ही प्रकारांत ओढायला लावून डोळ्यांच्या आतला दाब मोजला होता. कॉलरने ओढताना तो वाढला, हार्नेसने ओढताना वाढला नाही. पग पाळणाऱ्याला, किंवा ज्याच्या कुत्र्याला काचबिंदूचा त्रास आहे त्याला, याहून जास्त काही सांगायची गरज पडू नये.

मग साधी, चपटी, बकलची कॉलर तरी निरुपद्रवी म्हणावी ना? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. २०२० साली काही संशोधकांनी मानेची प्रतिकृती बनवून, तिच्यावर दाब मोजणारी साधनं बसवून आठ तऱ्हांच्या कॉलर ओढून पाहिल्या. त्यात रुंद होत्या, मऊ अस्तराच्याही होत्या. इजेची काळजीच नको इतका कमी दाब एकीनेही दाखवला नाही. याचा अर्थ कॉलर फेकून द्या असा मी घेत नाही. जो कुत्रा ओढत नाही त्याच्या गळ्यात ती नुसती लोंबत असते आणि नाव-पत्त्याचं बिल्लं सांभाळते, तेवढं काम ती उत्तम करते. ओढणाऱ्या कुत्र्याला मात्र "चांगल्या" कॉलरने संरक्षण मिळतं ही समजूत सोडायला हवी. पॅडिंग बघून आपल्या मनाचं समाधान होतं, मानेवरचा भार काही जात नाही.

बाकी चपट्या कॉलरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. आत दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. पिल्लाची मान बघता बघता वाढते, तेव्हा ही दोन बोटं दर आठवड्याला घालून बघावीत. दोन कुत्री दंगामस्ती करत असतील तर दोघांच्याही कॉलर काढाव्यात, कारण एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या कॉलरमध्ये अडकला की दोघंही घाबरून पीळ देतात आणि जीवावर बेतू शकतं. पिंजऱ्यात ठेवतानाही तेच. बिल्लं जाळीत अडकतं.

कॉलरचा इतिहास मात्र रेंगाळण्यासारखा आहे. इजिप्तमध्ये राजांच्या खोऱ्यात मैहरप्री नावाच्या सरदाराची कबर १८९९ मध्ये सापडली. सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या त्या कबरीत कातड्याच्या दोन कॉलर होत्या, कुत्र्यांच्या. एकीवर घोडे काढलेले, दुसरीवर कुत्रीचं नाव: तंतानुइत. मालकाबद्दल आपल्याला फार थोडं ठाऊक आहे, कुत्रीचं नाव मात्र टिकलं. इंग्लंडमध्ये लीड्स कॅसल नावाच्या किल्ल्यात तर फक्त कुत्र्यांच्या कॉलरचं संग्रहालय आहे. तिथल्या जुन्या कॉलरमध्ये लोखंडी, जाडजूड, बाहेरच्या अंगाला लांब खिळे असलेल्या कॉलर दिसतात. लांडगा किंवा रानडुक्कर थेट गळ्याला भिडतं, म्हणून गळ्याभोवती हे काटेरी कुंपण. तुर्कस्तानात मेंढ्या राखणाऱ्या कंगाल नावाच्या जातीच्या कुत्र्यांच्या गळ्यात अशा कॉलर आजही असतात.

प्राँग कॉलर पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला ह्याच खिळ्यांची आठवण झाली होती. इथे त्यांची टोकं आत वळलेली. ज्या वस्तूने कधीकाळी कुत्र्याला लांडग्यापासून वाचवलं, तिचीच दिशा उलटवून आपण ती कुत्र्याकडे रोखली. प्राँगचे समर्थक सांगतात की तिचा दाब सगळीकडे सारखा वाटला जातो, म्हणून ती गळफासाच्या साखळीपेक्षा सौम्य. यात तथ्य असेलही. पण ती काम करते ती टोचते म्हणूनच, आणि एखाद्या कुत्र्याला जेव्हा टोचतं तेव्हा त्याच्या नजरेसमोर जे असेल त्याच्याशी ते टोचणं जोडलं जातं. समोर दुसरा कुत्रा असेल तर धडा "ओढू नको" असा शिकला जाईलच असं नाही. "तो कुत्रा दिसला की मान दुखते" असाही शिकला जातो, आणि मग मालक म्हणतो की अलीकडे हा भुंकायला फार लागलाय. विजेचा झटका देणाऱ्या कॉलरची गोष्ट तीच, फक्त हात आणखी लांब. वेल्सने त्यांच्यावर २०१० मध्ये बंदी घातली. जर्मनीत २०२२ पासून कुत्र्यांना शिकवताना काटेरी कॉलर आणि वेदना देणारी इतर साधनं वापरता येत नाहीत. २०२० मध्येच पोर्तुगालमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या प्रशिक्षण वर्गांतली ९२ पाळीव कुत्री अभ्यासली. दटावणी आणि वेदनेवर चालणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली, लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही शिकवणीनंतर जास्त वाढलेलं आढळलं. हे वाचून मला नवल वाटलं नाही. अशा वर्गाच्या कडेला दहा मिनिटं उभं राहिलं तरी ओठ चाटणारी, जांभया देणारी, जमिनीलगत अंग नेणारी कुत्री दिसतात.

चोक चेनबद्दल, म्हणजे त्या गळफासाच्या साखळीबद्दल, मात्र मी थोडं सावकाश बोलेन, कारण ज्यांच्याकडून मी शिकले त्यांच्यातले काही जण ती वापरायचे आणि त्यांचा हात बघण्यासारखा होता. साखळी घालायचीही एक पद्धत आहे. कुत्रा डाव्या बाजूला चालवायचा असेल तर त्याच्यासमोर उभं राहून साखळी इंग्रजी पी अक्षराच्या आकारात धरायची आणि तशीच त्याच्या डोक्यातून घालायची. म्हणजे लीश जोडलेली कडी मानेवरून येते आणि ताण सुटल्याबरोबर साखळी आपल्या वजनाने सैल पडते. उलटी घातली की ती आवळते पण सुटत नाही. त्या जुन्या लोकांच्या हातात साखळी आवळतच नसे फारशी. कड्या सरकल्याचा एक बारीक आवाज व्हायचा, तेवढ्याने कुत्रा कान टवकारून वळायचा. सगळी कला त्या अर्ध्या क्षणात होती. आणि माझा आक्षेपही तिथेच आहे. जे साधन योग्य पडण्यासाठी हात इतका तयार असावा लागतो, ते नवशिक्याच्या हाती कसं द्यायचं? नवशिका उलटी घालतो, ताणून धरतो, उशिरा सोडतो. त्याच्या प्रत्येक उशिराचा हिशेब श्वासनलिकेकडून वसूल होतो. ज्याचा हात खरोखर तयार आहे त्याला साखळीची गरज उरत नाही, हे तर आणखी गमतीचं. त्याच्या हातात साधी दोरी असली तरी कुत्रा तसाच वळतो.

ओढण्याचं मूळ बहुतेक वेळा कॉलरमध्ये नसतंच. कुत्र्याला एका बाजूला खेचा, तो दुसऱ्या बाजूला जोर लावतो. तोल सांभाळण्यासाठी कोणताही चतुष्पाद तेच करेल. म्हणजे लीश कायम ताणलेली ठेवणारा माणूस कुत्र्याला न कळत टेकू देत असतो, आणि कुत्रा त्या टेकूवर रेलून चालायला शिकतो. शिवाय ओढलं की झाडापर्यंत पोचता येतं, हा अनुभव त्याच्या गाठी असतो. हे मोडायचं तर लीश सैल असताना पुढे जायचं आणि ताणली गेली की थांबायचं. शिकवणं असं कंटाळवाणं असतं, म्हणून लोक कॉलर बदलत राहतात.

या शिकवण्यात कॉलरपेक्षा लीशची लांबी जास्त महत्त्वाची ठरते. फार आखूड लीश सैल राहूच शकत नाही. कुत्रा अर्धं पाऊल इकडे तिकडे झाला की ताण. साधारण पावणेदोन-दोन मीटरची लीश मला बरी पडते. तिच्यात ढील देता येते आणि हवी तेव्हा घडी घालून हातात घेता येते. घडी घालायची म्हणजे एकावर एक थर रचायचे. मनगटाला किंवा बोटांना वेढे कधीच द्यायचे नाहीत, मोठ्या कुत्र्याने एकदा झेप घेतली तर बोट मोडतं. मोकळ्या मैदानात "ये" शिकवायला पाच ते दहा मीटरची लांब दोरी घ्यावी, आणि ती हार्नेसलाच जोडावी. धावत सुटलेला कुत्रा दहा मीटरच्या शेवटी कॉलरवर थांबला तर त्या मानेचं काय होईल याची कल्पना करवत नाही.

आपोआप आत-बाहेर होणारी, प्लॅस्टिकच्या मुठीची लीश १९७०च्या दशकात जर्मनीत निघाली आणि जगभर पसरली. शांत, वयस्क कुत्र्याला मोकळ्या जागी ती ठीक. शिकणाऱ्या कुत्र्याच्या हाती (म्हणजे गळ्यात) ती देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आतल्या स्प्रिंगमुळे तिच्यात सतत हलका ताण राहतो आणि कुत्र्याने जोर केला की दोरी सुटत जाते. ओढलं की जग मोठं होतं हा धडा ती यंत्रासारखा, न चुकता, दिवसभर देत राहते. वर बारीक दोरीने बोटं आणि पोटऱ्या कापतात ते वेगळंच. मूठ हातातून सुटली तर ती खडखडत मागून येते आणि बिचारा कुत्रा तिच्यापासून जीव खाऊन पळतो.

माझ्या आवडीचं साधन म्हणाल तर मार्टिंगेल. दोन फासे असतात: मोठा मानेभोवती, छोटा लीशला. ताण आला की छोटा फास मोठ्याला आवळतो, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी यांच्यासाठी ही कॉलर वरदान आहे, कारण त्यांचं डोकं मानेहून अरुंद असतं. साध्या कॉलरमधून ते मागे सरकत डोकं असं काढून घेतात की हातात रिकामी कॉलर राहते. माप मात्र नीट घ्यावं लागतं. पूर्ण आवळल्यावर ती मानेला जेमतेम टेकावी आणि दोन कड्यांमध्ये दोन बोटांचं अंतर उरावं. कड्या एकमेकींना भिडत असतील तर ती सैल आहे, डोकं निघणार. आणि आवळल्यावर श्वास अडत असेल तर तुम्ही चोक चेनच घेतली आहे, फक्त कापडाची. अशा लांब, नाजूक मानेच्या कुत्र्यांना कॉलर रुंदच हवी. ताण आला तरी तो एका रेषेत काचत नाही.

हार्नेसने मानेचा प्रश्न सुटतो, ओढण्याचा सुटत नाही. बर्फावरून गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेस का घालतात याचा विचार केला तर उत्तर समोरच आहे. पाठीवर कडी असलेल्या हार्नेसमध्ये कुत्रा अख्खी छाती लावून मजेत ओढतो. छातीवर कडी असेल तर ओढल्यावर त्याचं अंग आपल्याकडे वळतं, त्यामुळे शिकवायला वाव मिळतो. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा हार्नेस खांदे मोकळे ठेवतो आणि छातीवरून आडवा पट्टा जाणारा खांदे अडवतो, असं सगळे सांगतात, मीही सांगायचे. २०१९ मध्ये कुत्र्यांना दोन्ही प्रकार घालून चालवून-पळवून खांद्याची हालचाल मोजली गेली तेव्हा "मोकळा" म्हणून विकला जाणाराच जास्त अडवताना दिसला. अभ्यास लहान होता, त्यावरून सगळे हार्नेस निकालात काढता येत नाहीत. पण तेव्हापासून मी आकाराच्या नावावर भरवसा ठेवत नाही. घालून कुत्र्याला बाजूने दुडक्या चालीत पळवते आणि पुढचा पाय पूर्वीइतका पुढे पडतो का ते बघते. काखेत घासतं का, हेही बोटांनी तपासते.

तोंडावरून घालायची हेड कॉलर म्हणजे थेट म्होरकी. डोकं वळलं की अंग वळतं, या हिशेबावर ती चालते. स्वतःच्या वजनाचा कुत्रा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती खरोखर उपयोगी पडते. मात्र कुत्र्याला ती आपणहून आवडत नाही. नाकावर पंजा मारत तो लोळण घेतो. तिच्यात तोंड घालायला हळूहळू, खाऊ देत शिकवावं लागतं. हिसका देणं तर पूर्ण वर्ज्य, कारण इथे मान आडवी पिरगळली जाते. लांब दोरी तिला जोडायची नाही.

आता हाताला जे लागतं त्याबद्दल. नायलॉन स्वस्त, टिकाऊ, रंगीत, आणि तळव्यातून वेगाने सरकलं की चटका देणारं. सुती पट्टी मऊ असते, ओली झाली की जड होते. प्लॅस्टिकचा थर दिलेली बायोथेनची पट्टी चिखलापाण्यात उत्तम, फडक्याने पुसली की झालं. पण चामड्याची सर कशालाच नाही, हे मी पक्षपाताने सांगते आहे. नवीन असताना ते ताठ असतं, हाताच्या घामाने आणि तेलाने मऊ होत जातं, पकडीत बसतं, आणि कुत्र्याने नुसती मान वळवली तरी ते बोटांना कळतं. याउलट साखळीची लीश हाताला काहीच सांगत नाही, नुसती वाजते. हुकाकडे कुणाचं लक्ष नसतं, ते असायला हवं. पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा, स्प्रिंग अधूनमधून तपासावी. आणि हुकाचं वजन कुत्र्याच्या अंगाला शोभेसं असावं. दीड-दोन किलोच्या कुत्र्याच्या हनुवटीखाली जाड पितळी हुक लटकवलेला बघितला की माझीच मान अवघडते.

रिंगमधलं गणित पार वेगळं. तिथे लीशने दिसायचंच नसतं. जज कुत्र्याची बांधणी बघणार: मानेची कमान खांद्यात कशी उतरते, पाठीची रेषा कशी आहे. गळ्याभोवती जाड पट्टा असला की ती रेषा मधोमध कापली जाते. म्हणून शो लीड बारीक असते, बहुधा कॉलर आणि लीश एकातच, आणि कुत्र्याच्या रंगाला मिळतीजुळती. ती मानेच्या वरच्या टोकाला, कानांच्या मागे आणि जबड्याखाली बसवतात. तिथे थोड्या इशाऱ्याने डोकं वर राहतं आणि मानेचा स्नायूंचा भाग मोकळा राहतो. छोट्या कुत्र्यांना दोऱ्यासारखी बारीक, मण्याने किंवा सरकत्या खुंटीने आवळायची. डॉबरमन, रॉटवायलर अशांना बारीक साखळी किंवा चामड्याचा अरुंद फास. कोली, सामोयेड यांच्या आयाळीत ती दडून जाते. बॅसेट, ब्लडहाउंड यांच्या गळ्याला लोंबती कातडी असते. तिथे फास चुकीच्या जागी आला की सगळी कातडी गोळा होऊन गालांवर चढते आणि कुत्र्याचा चेहराच बदलतो. अशांना उभं करून दाखवताना कितीतरी हॅन्डलर (रिंगमध्ये कुत्रा दाखवणारे) लीड खाली सैल सोडतात किंवा काढूनच ठेवतात.

कोटचं, म्हणजे अंगावरच्या केसांचं, पथ्य घरापासून पाळावं लागतं. लांब केसांच्या कुत्र्याला दिवसरात्र चपटी कॉलर घातली तर मानेभोवती केस तुटतात, गुंता होतो, आणि रिंगमध्ये ती खोबण लपत नाही. म्हणून गोल वळलेल्या चामड्याची कॉलर वापरतात किंवा घरात गळा मोकळा ठेवतात. पांढऱ्या कुत्र्याला रंगीत चामडं घालून पावसात नेलं तर रंग उतरतो. साखळीनेही पांढऱ्या केसांवर करडी झाक येते. जर्मन शेफर्डवाले लांबट कड्यांची साखळी घेतात ती केस कमी तुटावेत म्हणून.

मग येतं चालणं. कुत्रा डाव्या हाताला, दुडकी चाल, कधी सरळ जाऊन परत, कधी त्रिकोण, कधी रिंगला फेरी. जजला बघायची असते कुत्र्याची स्वतःची चाल, आणि इथे हाताचं सगळं पितळ उघडं पडतं. घाबरलेला हॅन्डलर लीड वर ताणून धरतो. कुत्र्याचा पुढचा भाग अर्धवट उचलला जातो, पुढचे पाय जमिनीवर नीट वजन टाकत नाहीत, कोपरं बाहेर फेकली जातात किंवा पंजे हवेत वल्ह्यासारखे फिरतात. ताण तिरका डावीकडून उजवीकडे असेल तर डोकं हॅन्डलरकडे आणि मागचा भाग बाहेर, असा कुत्रा खेकड्यासारखा तिरका चालतो. जे दोष बांधणीत नाहीत ते लीडने निर्माण केलेले असतात. जाणता जज तेव्हा शांतपणे म्हणतो, "लूज लीड, प्लीज," आणि पुन्हा फेरी मारायला लावतो. काही टेरियरवाले ताणलेल्या लीडची परंपरा अजून जपतात. डोकं उंच, शेपूट उंच, एकूण तोरा. मला त्यात कुत्र्यापेक्षा दोरीच जास्त दिसते. वाद होतात यावर, होवोत.

सैल लीडवर कुत्रा डौलात दुडकत जातो ते रिंगमध्ये शिकवून होत नाही. मागे महिनोन्‌महिने चाललेल्या त्या कंटाळवाण्या थांबा-चालाचं ते फळ असतं. शो लीड इतकी बारीक असते की तिने कुत्रा आवरता येत नाही, आवरायला ती बनलेलीच नाही. तो आधीच आवरलेला असावा लागतो. म्हणून कुणी शोची तयारी करायला आलं की मी पहिले काही आठवडे शो लीडला हातसुद्धा लावू देत नाही. त्यावर लोक नाराज होतात. चमकदार लीड तर घेऊन झालेली असते!

एक गोष्ट कुत्रे आपल्यापेक्षा लवकर शिकतात. कोणतं साधन गळ्यात पडलं यावरून आता काय करायचं हे ते ओळखतात. हार्नेस म्हणजे हुंगत भटकणं, चपटी कॉलर म्हणजे शेजारून चालणं, शो लीड म्हणजे उभं राहणं. ह्याचा फायदा घ्यायला हवा, विशेषतः जो कुत्रा आज्ञापालनाच्या स्पर्धेतही उतरतो आणि सौंदर्याच्या रिंगमध्येही. पहिल्या ठिकाणी मालक थांबला की बसायचं असतं. दुसऱ्या ठिकाणी बसलात तर सगळं संपलं. तिथे चारही पाय जमिनीत रोवून, मान उंचावून उभं राहायचं. एकाच कॉलरवर दोन्ही शिकवलं तर कुत्रा जजसमोर अर्धवट बसतो, पुन्हा उठतो, मालकाच्या तोंडाकडे बघतो. दोन वेगळी साधनं ठेवली, आणि ती कधीही सरमिसळ केली नाहीत, तर हा गोंधळ होत नाही. शो लीड लावून त्याला झाडं हुंगायला न्यायचं नाही, एवढी शिस्त मात्र आपल्याला पाळावी लागते. कुत्रा ती केव्हाच पाळायला लागलेला असतो.

ज्युनियर हॅन्डलिंगच्या स्पर्धा मला म्हणूनच आवडतात. तिथे मुलं कुत्रा घेऊन उतरतात आणि जज कुत्र्याच्या बांधणीला गुण देत नाही, मुलाच्या हाताळणीला देतो. लीड घडी घालून मुठीत नीट लपवली आहे का, कुत्रा आणि जज यांच्या मध्ये मूल उभं राहत नाही ना, वळताना हात बदलला तर कुत्र्याच्या चालीत खंड पडला का. मोठ्यांनीही वर्षातून एकदा असं आपल्या हाताचं परीक्षण करून घ्यावं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी कुत्रा बाजूला बसवून आधी एक खेळ करायला लावते. एकाने लीशचा हुक स्वतःच्या मनगटातल्या कड्याला लावायचा आणि डोळे मिटायचे. दुसऱ्याने लीश धरून त्याला खोलीभर चालवायचं, बोलायचं नाही. डोळे मिटलेल्याने फक्त सांगायचं, "आता वळतोयस," "आता थांबणार," "आता घाबरलास." लीश सैल असताना, तळहातातली पकड नुसती घट्ट झाली तरी ते मनगटापर्यंत पोचतं. चालवणाऱ्याला वाटत असतं की आपण काहीच केलं नाही. मग दोघांनी जागा बदलायच्या. एखाद्या धिप्पाड गृहस्थाला त्याची शाळकरी मुलगी असं चालवते तेव्हा तो हमखास म्हणतो, "अगं, एवढं ओढू नकोस." त्यानंतर कुत्र्याला बोलवायचं आणि कॉलरचं माप घ्यायला बसायचं.